नाकेबंदी कुणाच्या पोटाची?



२०२५ च्या मे महिन्यात आमच्या जामसंड्याच्या बाजारात एक सभा झाली. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस निरपराध माणसं मारली गेली होती. धर्म विचारून माणसं मारणाऱ्यांबद्दल आमच्या वाडीत कुणाला तिळभर माया नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी आम्हाला देशद्रोह्याचं सर्टिफिकेट द्यायला धावू नये. तर सभेत वक्ता म्हणाला, बंदुकीपेक्षा पोटावर मारलेलं वर्मी लागतं. शेजाऱ्याची आर्थिक नाकेबंदी करा. टाळ्या! मग शपथ. हात पुढे करून. शत्रूच्या देशाचा माल घेणार नाही. शत्रूला मदत करणाऱ्याचा घेणार नाही. आणि तिसरं वाक्य हळूच सरकवलं: त्यांच्या इथल्या भाईबंदांशी देणंघेणं ठेवणार नाही.

आमच्या बौद्धवाडीतली चार पोरं मागे उभी होती. त्यांनी हात खिशातून बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौघं नेहमीप्रमाणे आंब्याच्या पेट्या भरायला गेली, तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. सीझन उरला होता पंधरा दिवसांचा. तेवढाही गेला. कारण विचारलं तर मुकादम म्हणाला, 'मालकाक इचारा.' मालक सभेला स्टेजवर होता.

आता जरा हिशोब करा. पाकिस्तानच्या मालावर २०१९ च्या फेब्रुवारीतच २०० टक्के जकात बसली होती, व्यापार तेव्हाच मेला होता. मे २०२५ मध्ये सरकारनं उरलासुरला सगळा बंद केला. जामसंड्याच्या बाजारात पाकिस्तानी माल शोधायचा म्हटला तर वाण्याकडच्या बरणीतलं सैंधव मीठ. एवढ्या मिठासाठी शपथ? नाही मित्रांनो. शपथ मिठासाठी नव्हतीच. ती तिसऱ्या वाक्यासाठी होती. फेरीवर येणाऱ्या फळवाल्यासाठी होती, ज्याचे बाप-आजे याच मातीत गेले त्याच्यासाठी होती. आणि पहिला दणका कुणाला बसला? मिठाला नाही, फळवाल्यालासुद्धा नाही. आमच्या चार पोरांना.

बहिष्कार हा शब्द आम्हाला शिकवायला कुणी स्टेजवर चढू नये. तो आमच्या पाठीवर लिहिलेला शब्द आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर आमची डोकी फोडली आणि वर गावोगाव कामं बंद केली, वाण्याचं दुकान बंद केलं, वाट बंद केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. दुसऱ्याला उपाशी ठेवून नमवायचं ही विद्या या देशातल्या सवर्णांना परराष्ट्र खात्याकडून शिकावी लागली नाही. उलट मला तर वाटतं, परराष्ट्र खातंच ती गावाकडून शिकलं असावं. गावानं महारवाड्याला घालायचा तोच वेढा, फक्त नकाशा मोठा.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या घरात एक नाकेबंदी येऊन गेली आहे. पाकिस्तानची नव्हे. गोव्याची.

आज जामसंड्याचं पोरगं मोटरसायकलवर टांग टाकून वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा मोप्याच्या विमानतळावर कामाला जातं, बांद्याच्या पुढे गेल्यावर आपण कुठली शिम ओलांडली हे त्याला कळतही नाही. पण १९६१ पर्यंत तिथं परदेश होता. सालाझारचा पोर्तुगाल होता. साडेचारशे वर्षं बसलेला. माझा आजा त्या परदेशात डिचोलीच्या बाजूला खाणीवर पाटी वाहायचा. लोखंडाची माती. सकाळी लाल, संध्याकाळी लाल, खोकला तरी लाल. इकडे कलमांच्या बागा होत्या, पण त्या आमच्या नव्हत्या. आमच्याकडे होती ती गावकी, मेलेलं ढोर आणि वर्षाकाठी ओंजळभर भात. तेव्हा आजा गेला. वाडीतले सातआठ जण गेले. पासपोर्ट नाही, काही नाही. दोन देशांच्या मधून माणूस गवत कापायला जावा तसा जायचा. खाणीवर दाम मिळायचे, आणि तिकडे त्याला गावातलं कुणी ओळखत नव्हतं. ही दुसरी गोष्ट दामापेक्षा मोठी होती असं तो म्हातारपणी सांगायचा. (तिकडेही जात होतीच. पोर्तुगिजांनी देवळं पाडली, चर्च बांधली, पण भाटकाराला आणि त्याच्या जमिनीवर झोपडीपुरता जगणाऱ्या मुंडकाराला हात लावला नाही. भाटकार हिंदू असो की ख्रिश्चन, मुंडकाराची पाठ तीच.)

१९५४ पासून दोन्ही बाजूंनी परवान्यांची कटकट सुरू झाली. १९५५ च्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही निःशस्त्र शिम ओलांडून गेले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं पडली. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल पडला, पार पंजाबातून आलेला. त्या हुतात्म्यांपुढे मी मान खाली घालतो. ना. ग. गोरे, पीटर अल्वारिस यांच्यासारखी माणसं जीव पणाला लावून लढली, गोऱ्यांनी तिथला तुरुंग भोगला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्यानंतर दिल्लीनं जे केलं त्याच्याशी आहे. दिल्लीनं सत्याग्रह्यांनाही थांबवलं आणि शिमही बंद केली. रेल्वे बंद. माल बंद. मुंबईतल्या गोवेकरांनी घरी पैसे पाठवणं बंद. म्हणजे गोळी घालणाऱ्याला हात लावायचा नाही, त्याच्या राज्यातल्या गरिबाची चूल मात्र विझवायची. सालाझारची चूल लिस्बनला होती. ती विझली काय?

ऐका काय झालं ते. इकडचे बटाटे बंद झाले तर गोव्यात हॉलंडचे बटाटे आले. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा. शिम बंद म्हणून पोर्तुगिजांनी दाबोळीला विमानतळ केला आणि स्वतःची विमान कंपनी काढून विमानं कराचीला उडवायला लागले. म्हणजे शेजाऱ्याला एकटं पाडायला गेलो आणि त्याला दुसऱ्या शेजाऱ्याच्या गळ्यात घातलं. आणि खनिज? १९५० च्या सुमाराला हजारांत मोजावं असं टनांचं खनिज बाहेर जायचं. १९६१ येईतो साठ लाख टनांच्या वर गेलं. नाकेबंदीच्या काळात, दोस्तांनो! मांडवीतून, जुवारीतून बार्ज भरून मुरगावला, तिथून जहाजानं जपानला, पश्चिम जर्मनीला. खाणमालक कोण होते? पोर्तुगीज? नाव घ्या ना: डेंपो, चौगुले, साळगावकर, तिंबलो. आपलेच हिंदू, आपल्याच देवळांचे मानकरी. नाकेबंदीनं त्यांची एक बार्ज अडली नाही. कारण समुद्राच्या बाजूला नाकं नव्हतं. नाकं होतं ते बांद्याला, दोडामार्गला. तिथून माझा आजा जायचा.

भांडवलाला समुद्र मोकळा आणि मजुराला पायवाट बंद, याला म्हणतात आर्थिक नाकेबंदी.

तिकडे अमेरिकेचा डलेस १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर निवेदन काढून गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणतो. त्याच सुमाराला बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात येऊन गोवा तुमचाच म्हणतात. पोर्तुगाल खटला घेऊन हेगच्या न्यायालयात जातो, दादरा-नगरहवेलीची वाट मागायला, आणि १९६० साली निकाल लागतो अर्धा असा, अर्धा तसा. वकिलांनी काय फी घेतली असेल देव जाणे. (देव मानत नाही, सवयीनं लिहिलं.) आणि या सगळ्या मोठ्या माणसांच्या मधे, दोडामार्गच्या रानात, रात्रीच्या वेळी, आजा.

१९५५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. घरी माझा बाप दोन वर्षांचा, आजी पोटुशी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आजा पैसे पाठवायचा, ते येणारे-जाणारेच थांबले. तीन महिने काही कळेना. तो रानातून निघाला. अंगावर एक नायलॉनचं पातळ आजीसाठी, एक बॅटरी, दुधाच्या पावडरीचे दोन डबे. आपल्या बाजूला आला, हुश्श केलं, बिडी पेटवली, आणि बिडीच्या उजेडावरच आपल्याच शिपायांनी धरला. तस्कर! पोर्तुगिजांचा हेर! चार महिने आत. नायलॉनचं पातळ जप्त झालं. डबे कुठे गेले ते विचारू नका.

तो सांगायचा, 'दोन सरकारां झगाडली नि पाटी माझ्या डोक्यावयली खाली पडली.'

आणि आजी सांगायची ते आणखी थोडकं. 'गोवा खंय नि दिल्ली खंय माका म्हायत नाय. माका पैसे येवचे बंद झाले, इतक्या म्हायत.' त्या चार महिन्यांत तिनं बागायतदाराकडून भात उचललं. दिढीनं. एक मण घेतलं की दीड मण परत. परत द्यायला शेत कुठलं? तर उन्हाळाभर कलमांना पाणी घातलं. विहिरीवरून घागर, कातळ चढून, एकेका कलमाच्या बुंध्याला. पोटुशी असताना. ते पोर जगलं नाही. आज देवगड हापूसला जीआयचा टिळा लागला आहे, पेटीवर शिक्का मारून मिरवतात. त्यातल्या काही जुन्या कलमांच्या मुळाशी भारत-पोर्तुगाल संबंध आहेत, एवढं पेटीवर छापायचं राहिलं.

त्याच काळात खरी तस्करी चालू होती. सोनं, घड्याळं, दारू. मुंबई राज्यात दारूबंदी आणि गोव्यात दारूचा पूर. मचवे रात्री खाडीत शिरायचे. मचवा डोक्यावरून चालवत नाही कुणी, त्याला मालक लागतो, पैसा लागतो, नाक्यावर ओळख लागते. वाडीतली जुनी माणसं सांगत की अशा एका मचव्याचा मालक दिवसा सत्याग्रह्यांना हार घालायचा आणि गोवा मुक्तीवर भाषण ठोकायचा. शिम बंद राहण्यात त्याचा फायदा होता. शिम उघडली असती तर सोन्याला भाव कुठला? नाकेबंदी हा ज्यांचा धंदा, त्यांची देशभक्ती नेहमी सगळ्यांत मोठ्या आवाजातली असते, हे मी मे महिन्याच्या सभेतही पाहिलं.

आता कुणी तरी म्हणेल, बाबासाहेब काय म्हणाले होते ते वाचलंस का? गोव्यावर पोलीस कारवाई करा असं तेही म्हणाले होते. वाचलंय. पुरतं वाचलंय. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते म्हणाले त्याचा रोख काय होता? वेळेवर लक्ष दिलं असतं तर छोट्याशा पोलीस कारवाईत काम झालं असतं, पंतप्रधान नुसते ओरडत राहिले, केलं काही नाही. म्हणजे करायचं असेल तर करा, नुसता आरडाओरडा नको. सात वर्षं ओरडून, पोटं आवळून, शेवटी १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत सैन्यानं तेच केलं. सुरक्षा समितीत रशियानं नकाराधिकार वापरला आणि विषय संपला. दोन दिवसांचं काम! मग मधली सहा-सात वर्षं आमच्या बायाबापड्यांच्या पोटावर कशाला बसला होता?

आणि त्याच बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिपद सोडताना परराष्ट्र धोरणावर बोट ठेवलं होतं, तेही वाचा. साडेतीनशे कोटींचं उत्पन्न आणि त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर. त्यांनी हिशोब मागितला होता. शेजाऱ्यांशी वैर किती परवडतं, आणि ते कुणाच्या ताटातून वजा होतं. हा प्रश्न विचारला म्हणून त्यांना कुणी देशद्रोही म्हणायला धजलं नाही. आज आमच्या चार पोरांनी हात खिशात ठेवले तर पेट्या भरायचं काम जातं.

सरकारांचं काय, ती भांडतात आणि गोडही होतात. १९७४ च्या ३१ डिसेंबरला भारत-पोर्तुगालचा तह झाला. गळ्यात गळे. १९६१ मध्ये पळताना पोर्तुगिजांच्या बँकेनं गोवेकरांचं गहाण सोनं लिस्बनला नेलं होतं, ते १९९१ साली परत आलं. बरं झालं. गहाण ठेवायला ज्यांच्याकडे सोनं होतं त्यांना ते मिळालं. १९६१ पूर्वी तिथं जन्म नोंदलेल्यांच्या पोरा-नातवंडांना आज पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, पणजीला त्यासाठी रांगा लागतात. कालचा शत्रू, आज त्याच्या कागदावर माणसं युरोपात जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोटासाठी माणूस जातो. पण आजाचे चार महिने कुठल्या तहात परत आले? आजीची दिढी कुठल्या बँकेनं परत केली? आजानं त्या देशाची किती माती डोक्यावरून वाहिली, पण त्याच्या नावाचा तिकडे चिटोरा नाही. इकडे मात्र होता: तस्कर म्हणून.

हे जुनं झालं म्हणता? मग नवं घ्या.

आमच्याकडे बागांची राखण करायला नेपाळी असतात. देवगड तालुक्यात सीझनला कुठल्याही बागेत जा, पत्र्याच्या खोपीत एक तरी नेपाळी कुटुंब भेटेल. सगळे त्यांना गुरखा म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. आमच्या वाडीजवळच्या बागेत एक जण आहे. तीन सीझन तो आमच्याकडे चहाला यायचा, पण कप हातात घेऊन अंगणातच बसायचा. घरात ये म्हटलं तरी येईना. चौथ्या वर्षी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघून त्यानं विचारलं, हे कोण. सांगितलं. मग तो पहिल्यांदा बोलला. तो कामी. लोखंडाचं काम करणारी जात, नेपाळातली अस्पृश्य. तिकडेही त्यांना पाणवठा वेगळा होता. च्यायला, हजार मैलांवर आमचा भाऊबंद, आणि आम्ही त्याला तीन वर्षं गुरखा म्हणत होतो!

२०१५ च्या एप्रिलात भूकंप झाला, त्याचं घर बसलं. पत्रे घालायचे म्हणून इथून पैसे घेऊन तो भादव्यात गावी गेला. आणि सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली आणि शिम बंद. पेट्रोल बंद, गॅस बंद, औषधं बंद. जवळजवळ पाच महिने. भारत सरकार म्हणालं, आम्ही काही केलेलं नाही, मधेशी आंदोलक शिमेवर बसलेत. मधेशींची मागणी खोटी नव्हती, त्यांची माणसं गोळीबारात मेली होती, त्यांच्यातही दलित आहेत, हे मी विसरत नाही. पण जिथं आंदोलक बसले नव्हते त्या नाक्यांवरूनही ट्रक का हलेनात, याचं उत्तर कुणी दिलं नाही. १९८९ सालीही असंच झालं होतं, दोन नाकी सोडून सगळी बंद. तो हिंदीतून सांगत होता, 'सिलिंडर आधा भरके देते थे. पहले किसको, जिसकी पहचान.' काळ्या बाजारात सगळं मिळत होतं. पैसेवाल्याच्या गाडीत पेट्रोल होतं. याची पोरं त्या थंडीत ताडपत्रीखाली झोपली. धाकटीच्या छातीत कफ झाला. जगली ती. मला माझी न जगलेली आत्या आठवली.

काठमांडूचे नेते वाकले का? ते चीनकडे गेले. पोर्तुगीज कराचीकडे गेले तसे. साठ वर्षं झाली तरी दिल्लीला हे कळलेलं नाही, की कळूनही फरक पडत नाही? मला दुसरं वाटतं. ज्यांच्या घरात सिलिंडर भरलेला असतो त्यांना फरक कशाला पडेल?

आणि समुद्रातलं बघा. भारत-पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमार असतात. कोण हे मच्छीमार? ट्रॉलरचे मालक? नाही. पगारावर गेलेले खलाशी. पालघर-डहाणूचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर जातात आणि कराचीच्या तुरुंगात सापडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघरचा एक खलाशी बोटीवरच पाकिस्तानच्या गोळीनं मेला. समुद्रावर रेघ दिसत नाही. मालक सांगतो, पुढे जा, पुढे मासळी आहे. इकडच्या तुरुंगात तिकडचे खलाशी आहेत, तेही असेच कुणाच्या तरी पगारावरचे. दोन्हीकडच्या मालकांनी नवीन बोटी बांधल्या.

हे सगळं मी त्या चार पोरांना सांगितलं, कारण त्यांतला एक जण डगमगला होता. त्याच्या आईचं म्हणणं, हात पुढे केला असता तर काय झिजला असता? पंधरा दिवसांची मजुरी म्हणजे पावसाळ्याचं रेशन. ती चुकीचं बोलत नाही. तिच्यापुढे मी गप्प बसलो. माझं काम गेलेलं नाही, तिच्या पोराचं गेलंय.

पण एक गोष्ट १९५५ सालच्या आजीकडे नव्हती आणि आमच्याकडे आहे. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, तिनं दलितांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा गुन्हा ठरवला आहे. आर्थिक बहिष्कार, हाच शब्द. जो शब्द स्टेजवर टाळ्या घेऊन गेला तो कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्याच्या यादीत बसलाय. तक्रार लिहिली आहे. चौघांची नावं, तारीख, फाटकावर काय बोललं गेलं ते शब्दाला शब्द.

ते कळल्यावर मालकाचा माणूस वाडीत येऊन गेला. पुढच्या सीझनला या म्हणाला, झालं गेलं विसरा. डगमगलेला होता त्यानंच विचारलं, 'पंधरा दिसांचा काय?' माणूस हसला. आम्ही कागदावर आकडा मांडून त्याच्या हातात दिला: चार माणसं, पंधरा दिवस, रोजची मजुरी. खाली एक ओळ आजीच्या आठवणीनं मी वाढवली. रक्कम दिढीनं परत करावी.

जय भीम!